ताईला 32 व्या वर्षी बारावी करायची आहे: 17 नंबरचा फॉर्म भरावा की मुक्त विद्यालय?

जिंतूरकर_चाकण

नमस्कार मंडळी. प्रश्न बहिणीच्या शिक्षणाचा आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकी अडचण कळणार नाही.

आम्ही जिंतूर तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. 2009 ला ती दहावी झाली, 81 टक्के. आमच्या शाळेतल्या मुलींत पहिली, आणि गणितात मुलं-मुली धरून पहिली. निकाल जूनच्या शेवटी लागला. त्या साली पाऊस लांबला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, अण्णा दिवसभर आभाळाकडे बघत ओट्यावर बसलेले असायचे. ताई एकटीच शाळेत जाऊन मार्कलिस्ट घेऊन आली. आईनं ती देवापुढं ठेवली आणि तिला कुंकू लावलं. तेवढंच.

अकरावी तालुक्याला, 13 किलोमीटर. सकाळी 7 ला एसटी, परत यायला संध्याकाळी साडेपाचची. त्या वर्षी गावातून अकरावीला जाणारी मुलगी दुसरी कुणी नव्हती. अण्णा म्हणाले, "एकटी कशी जाणार? आणि पैसा कुठून आणायचा? पोराचंही पुढं बघायचंय." हा विषय घरात परत निघाला नाही. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. तेव्हा तिला 17 वं सुद्धा पूर्ण नव्हतं. सगळं गाव जेवलं, कुणी काही म्हणालं नाही. मी 15 वर्षांचा होतो आणि वाढायला होतो.

2011 च्या जानेवारीत ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माझं दहावीचं वर्ष. मला भूमिती अजिबात जमत नव्हती. रात्री जेवणं झाली की ती भिंतीला उशी लावून बसायची आणि पाटीवर आकृती काढून प्रमेयं समजावायची. पाटीच, कारण वही संपली तर अण्णांना मागावी लागायची. सातवा महिना होता तिचा. पायावर सूज यायची म्हणून पाय पाटावर ठेवायची आणि म्हणायची, "पाठ करू नको रे, आधी काय दिलंय ते लिही, मग काय सिद्ध करायचंय ते लिही." मला 86 टक्के पडले. अण्णांनी गावात पेढे वाटले. त्याच साली मला डिप्लोमाला औरंगाबादला पाठवलं, खाजगी कॉलेजात. बैलजोडी विकली, सोसायटीचं कर्ज काढलं. आज मी चाकणला कंपनीत आहे, घर चालतंय, कर्ज फिटलंय.

आता या पंचमीला ताई माहेरी आली होती. दर वर्षी मी तिला साडी घेतो. या वेळी म्हणाली, "साडी नको. मला बारावीचा फॉर्म भरून दे."

तिच्या सासरी अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती. अट किमान बारावी पास. गावातल्या बायका तिच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. तिनं तिघींचे अर्ज लिहून दिले, स्वतः भरू शकली नाही. हे तिनं मला तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, गप्पांच्या ओघात सांगितलं. मी त्या रात्री झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक हिशेब केला. आमच्या घरात कायम असंच बोललं गेलं की पैसे नव्हते म्हणून ताईचं शिक्षण थांबलं. मीही लोकांना तेच सांगत आलो, ऑफिसातसुद्धा. पण अनुदानित कॉलेजात मुलींना बारावीपर्यंत फी माफ असते, तेव्हाही होती. मोफत एसटी पास त्या वेळी दहावीपर्यंतच होता, म्हणजे तिचा खर्च एवढाच: विद्यार्थी सवलतीचा महिन्याचा पास, वह्या आणि एखादा ड्रेस. पास दीडशेच्या आत असायचा. दोन वर्षांचा मिळून 3,000 धरा. औरंगाबादला माझी मेस महिन्याला 1,500 होती. तिच्या अख्ख्या अकरावी-बारावीचा प्रवास माझ्या दोन महिन्यांच्या जेवणात बसत होता. आणि माझी भूमिती कुणामुळं सुटली ते वर लिहिलंच आहे.

आता प्रश्न:

17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यावी की एनआयओएस म्हणजे मुक्त विद्यालयातून? अंगणवाडीला किंवा पुढं पदवीला दोन्ही चालतात का?

शाळेचा मूळ दाखला सापडत नाही. लग्नाच्या गडबडीत गेला असं आई म्हणते.

सासरी तिचं पहिलं नावही बदललं. आधारवर सासरचं नाव, मार्कलिस्टवर माहेरचं. दोन्हींत आडनावच काय, एक अक्षर जुळत नाही. लग्नाची नोंदणी कुठंच केलेली नाही. का ते तुमच्या लक्षात आलं असेल.

दाजी सरळ माणूस आहे. "माझं काही म्हणणं नाही, पण आईला विचार" एवढंच म्हणाले. तिच्या सासूबाईंशी मी बोलावं की ताईनंच?

आणि शेवटचं. अण्णा आता 64 चे आहेत, शुगर आहे. त्यांच्याशी हा हिशेब बोलावा का?

---

कुलकर्णीबाई_नांदेड

जिंतूरकर, मी कनिष्ठ महाविद्यालयात 29 वर्षं शिकवलं. त्यातली बरीच वर्षं आमच्याकडे 17 नंबरवाल्यांचं केंद्र होतं, त्यामुळे या वाटेनं आलेल्या पुष्कळ बायका मी पाहिल्या आहेत. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

आधी दाखला. घाबरू नका. मूळ दाखला हरवला तरी शाळेचं जनरल रजिस्टर कुठं जात नाही. त्यात तुमच्या ताईची नोंद आहे: नाव, जन्मतारीख, प्रवेश, शाळा सोडल्याची तारीख, सगळं. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, मूळ प्रत गहाळ झाल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, दुय्यम प्रत मिळते. काही ठिकाणी पोलिसांकडची हरवल्याची नोंद मागतात, ती आधीच करून ठेवा म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. अर्जावर सही ताईचीच हवी, आणि जमलं तर तिला बरोबर घेऊन जा.

नाव. परीक्षेचा अर्ज दाखल्यावरच्या नावानंच भरायचा. मंडळाच्या लेखी ती अजून माहेरच्या नावाचीच विद्यार्थिनी आहे. पुढं नोकरीच्या वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच हे दाखवावं लागतं, त्यासाठी शासनाच्या राजपत्रात नावातला बदल प्रसिद्ध करून घ्या. ते काम आजच सुरू करा, कारण बायका निकाल लागल्यावर धावतात आणि जागेची मुदत निघून जाते. लग्नाच्या तारखेची जी भीती तुम्हाला वाटते आहे त्याबद्दल एक सांगते. 2006 च्या कायद्यानं बालविवाह हा गुन्हा आहे, पण झालेलं लग्न आपोआप रद्द ठरत नाही. ते रद्द करून घेण्याचा हक्क त्या मुलीला असतो आणि तोही सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत. तुमच्या ताईचं लग्न आज कायद्यानं ग्राह्य आहे. कुठल्याही कागदावर तारीख मात्र बदलू नका. एक खोटी तारीख पुढं दहा कागद अडवते.

आता 17 नंबर की एनआयओएस. दोन्ही प्रमाणपत्रं ग्राह्य आहेत. पदवीला चालतात, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही चालतात. फरक अभ्यासाच्या पद्धतीत आहे. 17 नंबरमध्ये परीक्षा राज्य मंडळाचीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळे विषय एकदम. पुस्तकं तालुक्याला मिळतात, मार्गदर्शक मिळतात, गावातली कुठलीही बारावीची पोरगी शंका सोडवू शकते. फॉर्म साधारण पावसाळ्यात सुरू होतात आणि मुदत संपली की पुढच्या वर्षावर जातं, म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावर रोज नजर ठेवा. एनआयओएसमध्ये पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत एकेक विषय करत सोडवता येतो. ज्या बाईला कापूस वेचणीच्या दिवसांत पुस्तक हातात धरता येत नाही तिला ही सोय मोठी आहे. मात्र अभ्यासकेंद्र लांब पडतं आणि आसपास विचारायला कुणी नसतं.

माझा अनुभव असा की जिचं सगळ्यांत शेवटचं पुस्तक 15-16 वर्षांपूर्वी बंद झालं, तिला इंग्रजी अडतं. बाकी काही अडत नाही. इतिहास, अर्थशास्त्र, मराठी या बायका मुलांपेक्षा चांगलं लिहितात, कारण त्यांना प्रश्नाचा अर्थ जगून कळलेला असतो.

एक विचारते. तुम्ही कुठंही लिहिलं नाहीत की ताईला कोणते विषय घ्यायचे आहेत. तिला विचारलंत का?

---

पाडळीची_सून

मी सेनगाव तालुक्यातली. दहावी झाल्यावर माझंही लग्न लावून दिलं होतं. दोन लेकरं झाल्यावर 17 नंबर भरला, तिसऱ्या खेपेला बारावी पास झाले. पहिल्या खेपेला इंग्रजीत 29. दुसऱ्या खेपेला पेपरच्या आदल्या रात्री धाकटा तापला, गेलेच नाही. तिसऱ्या खेपेला 41. आता अंगणवाडी सेविका आहे, पाच वर्षं झाली.

भाऊ, तुम्ही विचारलेल्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सांगते. सेविकेच्या जागेला वयाची वरची मर्यादा 35 आहे. विधवेला 40. आणि बाई त्याच गावची रहिवासी लागते. म्हणजे तुमच्या ताईच्या हातात तीनच वर्षं आहेत, आणि त्या तीन वर्षांत त्याच गावात परत जागा निघायला पाहिजे. हे तिला माहीत असेलच, आम्हा बायकांना या अटी तोंडपाठ असतात. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. एकेक विषय पाच वर्षं करत बसायला तिला वेळ नाही.

दुसरं. फॉर्म भरून देणं सोपं आहे. मला वेळ कुणी दिला नव्हता. पहाटे 4 ला उठून पाणी भरायचं, भाकरी, जनावरांचं, मग शेत. पुस्तक मी पिठाच्या डब्याच्या मागं ठेवायची, कारण सासूबाईंना ते दिसलं की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं एक काम सांगायच्या. वाचायचा वेळ म्हणजे भाजी शिजेपर्यंतचा. तुम्ही दाजींशी बोला, पण "परवानगी द्या" असं बोलू नका. ठरवून घ्या की परीक्षेआधीचे दोन महिने सकाळचं पाणी कोण भरणार, जनावरं कोण बघणार. नावानिशी ठरवा. माझ्या तिसऱ्या खेपेला मालकांनी दीड महिना दूध काढलं आणि मी पास झाले. दुसरं काहीच बदललं नव्हतं.

सासूबाईंशी ताईनंच बोलावं. माहेरचा माणूस जाऊन बोलला की त्यांना तो आपल्या घरावरचा ठपका वाटतो. मी आमच्या सासूबाईंना परीक्षेला सोबत नेलं होतं. केंद्र 22 किलोमीटरवर, त्या बाहेर लिंबाखाली बसल्या तीन तास. तिथं आणखी चार जणींच्या सासवा आणि आया बसलेल्या. येताना म्हणाल्या, "एवढ्या बायका लिहायला येतात होय?" पुढच्या पेपरला डबा त्यांनी केला.

आणि ताईंना मुलगी आहे का? ती शाळेत असेल तर दोघींना एकत्र बसवा. लेकीला अभ्यासातून कुणी उठवत नाही, तिच्याजवळ बसलेल्या आईलाही मग उठवायला जड जातं.

---

वसमतचा_शेतकरी

सगळं वाचलं. ताईंनी जरूर शिकावं, माझ्या शुभेच्छा. पण भाऊ, वडिलांशी हिशेब करायला जाऊ नका. मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे. 2009 चं साल मला आठवतं, पाऊस नव्हता, माणूस आतून हललेला होता. रस्ते कसे होते? संध्याकाळची एसटी चुकली तर मुलगी स्टँडवर रात्र काढणार का? स्टँडवर टवाळ पोरं असायची, आजही आहेत. बापाला मुलगी नको म्हणून तो शाळा बंद करत नाही, त्याला भीती असते. त्या भीतीला भेदभाव म्हणणं मला पटत नाही. 64 वर्षांच्या माणसाला आता काय विचारायचं?

---

कुलकर्णीबाई_नांदेड

वसमतकर, भीती खरी होती हे मी मान्य करते. मी त्याच स्टँडवरून रोज ये-जा केली आहे. पण टवाळक्या मुलं करत होती आणि घरी बसल्या मुली. त्या पोरांपैकी एकाचंही कॉलेज त्याच्या बापानं बंद केल्याचं मला आठवत नाही. हेच दुखणं आहे. आणि ते एकट्या अण्णांच्या घरचं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के बायकांचं लग्न 18 च्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा 22 च्या आसपास आहे. इतक्या बापांना एकाच वेळी एकच भीती वाटते तेव्हा तिचं उत्तर घराबाहेर शोधायला लागतं. आता मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, मागास तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींना शाळा-कॉलेजात नेणाऱ्या निळ्या बस धावतात, त्या याच भीतीचं उत्तर म्हणून आल्या. बस आली त्या गावांतून मुली यायला लागल्या, हे मी माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर पाहिलं आहे.

आणि लग्नानंतर शिकणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. रमाबाई रानडे 1873 ला अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आल्या त्या अक्षरओळख नसताना. घरातल्याच बायकांची बोलणी ऐकत शिकल्या आणि 1909 मध्ये सेवासदन काढलं ते मोठ्या वयाच्या, संसारातल्या बायकांना शिकवण्यासाठी. माझ्या आजीनं तिथं शिवण आणि वाचन दोन्ही शिकून घेतलं होतं, म्हणून मला हे घरातूनच माहीत आहे.

---

जिंतूरकर_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे गावाकडे होतो म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

कुलकर्णीबाई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी तसाच ताईला फोन लावला. मी गृहीत धरलं होतं की कला शाखा, सोपे विषय, पास झालं की अंगणवाडी. ती म्हणाली, "गणित घ्यायचंय." मी म्हटलं, "ताई, कशाला? 35 पाडायचेत. सोपं घे." ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला भूमिती शिकवली तेव्हा मी सोपं घे म्हटलं होतं का?"

वाचताना तुम्हाला वाटेल तसा तिचा आवाज चढलेला नव्हता. मागं भाची दूध तापल्याचं सांगत होती, तिला हो म्हणून ती परत माझ्याशी बोलली. तिनं सांगितलं की आठवीपासून भाचीचं गणित तीच घेते. भाची आता नववीत आहे. बीजगणितात नवीन काय आलंय ते ताईला सगळं ठाऊक आहे. सेविकेची जागा मिळाली तर हवीच आहे, पण तिच्या मनात गावात दहावीच्या मुलींची गणिताची शिकवणी घ्यायचं आहे. "नुसत्या दहावी झालेल्या बाईकडं दहावीच्या मुली कोण पाठवील?" असं म्हणाली. हे तिनं किती वर्षं मनात ठेवलं होतं मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

दाखल्यासाठी आम्ही दोघं शाळेत गेलो. ताई बाहेरच थांबते म्हणत होती, मी आग्रह केला नाही, मग आपणहून आत आली. क्लार्कनं 2009 चं रजिस्टर काढलं. नोंद होती. माहेरचं नाव, जन्मतारीख, आणि शाळा सोडण्याच्या कारणात "पुढील शिक्षणासाठी" असं लिहिलेलं. ताईनं ते दोनदा वाचलं. क्लार्क म्हणाला, सगळ्यांचं तसंच लिहितो आम्ही. दुय्यम प्रत पाच दिवसांनी मिळाली. राजपत्राचा अर्जही टाकला आहे.

पाडळीच्या ताई, वयाची अट तुम्ही सांगितली ती तिला माहीत होतीच, तुम्ही म्हणालात तसंच. सासूबाईंशी ती स्वतः बोलली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. दाजींनी पाण्याचं आणि धारांचं कबूल केलंय, दिवाळीनंतर. मी त्यांना दर रविवारी फोन करणार आहे.

आता अण्णा. वसमतकर दादा, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवून गेलो होतो. कागद-पेन काढलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो तेव्हा एवढंच विचारलं, "अण्णा, ताईचा एसटीचा पास तेव्हा किती पडला असता?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "विचारलाच नव्हता."

बराच वेळ गेला. नंतर तेच बोलले. त्या वर्षी शेजारच्या गावातली एक पोरगी कॉलेजात जाता जाता कुणाबरोबर गेली होती. महिनाभर पारावर तोच विषय. अण्णांना कुणीतरी म्हणालं होतं, तुमचीही जाणार का आता तालुक्याला. त्यांना ते लागलं. घरात हे कारण सांगता येत नव्हतं, पैशाचं सांगता येत होतं. "तू बी होतास घरात," असं म्हणाले मला. हो, होतो. चौदा वर्षांचा होतो आणि मनात कुठंतरी हायसं वाटलं होतं, कारण "पोराचंही बघायचंय" हे मी ऐकलं होतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई सासरी निघाली तेव्हा अण्णा तिला सोडायला फाट्यापर्यंत चालत गेले. दोघांत काही बोलणं झालं की नाही ते मला माहीत नाही. एसटी आल्यावर त्यांनी तिच्या पिशवीत काही नोटा कोंबल्या, एवढं मी लांबून पाहिलं. तिनं त्यातून कंपास आणि आलेखाची वही घेतली असं रात्री भाचीनं फोनवर सांगितलं.

17 नंबरचंच ठरलं आहे. ताईनं विषयांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली: इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, गणित. गणिताखाली दोन रेघा आहेत.

अडचण एकच राहिली. कला शाखेत गणित घेता येतं हे कळलं, पण ज्या कनिष्ठ महाविद्यालयाचं केंद्र निवडायचं तिथं तो विषय असावा लागतो म्हणतात. जिंतूरला दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडं "गणित सायन्सलाच" असं उत्तर मिळालं. सेलू, मानवत, परभणी किंवा मंठा या भागात कला शाखेला गणित असलेलं केंद्र कुणाला माहीत असेल तर कृपया लवकर कळवा. लांब असलं तरी चालेल, परीक्षेच्या दिवसांत मी रजा काढून गाडी घेऊन जाणार आहे.

---

पाडळीची_सून

परभणीला माझी जाऊबाई असते, तिच्या मुलीच्या कॉलेजात विचारून उद्या सांगते. ताईंना म्हणावं इंग्रजीचं आजपासून रोज एक पान लिहा, वाचू नका, लिहा. माझे 29 वाचण्यामुळं पडले होते.